चार नंबरवाल्यांचा पांढरा सोफा

चार नंबरवाल्यांकडे पांढरा सोफा आला. टेम्पोतून उतरताना अख्ख्या गल्लीने पाहिला, तेव्हा ही बातमी मी फोडली असं कोणी म्हणू नये. एल आकाराचा आहे. दारातून मावेना, म्हणून आणणाऱ्या पोरांनी दरवाजाच बिजागऱ्यांतून काढून बाजूला ठेवला. किमतीबद्दल एकमत नाही. इस्त्रीवाला सव्वा लाख म्हणतो, दोन नंबरच्या वहिनी ऐंशी हजार म्हणतात. आणि वहिनींची बातमी सहसा पक्की असते, कारण त्यांची आणि चार नंबरची पोळ्यांची बाई एकच. घरात अडीच वर्षांची जुळी आहेत. त्यातलं एक चावतं.

"पांढरा म्हणजे अगदी पांढरा?" काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं. कढीपत्त्याची डहाळी हातात तशीच राहिली.

"ऑफ-व्हाइट म्हणतात त्याला, काकू."

"ऑफ तो गणपतीपर्यंत होईलच. व्हाइट कशाला म्हणायचं मग?"

आमच्यातलं कुंपण कमरेएवढं. पलीकडे काकू, अलीकडे मी आणि संध्याकाळी कुकर लावण्याआधीचा तेवढा वेळ. दोन नंबरच्या वहिनी मागच्या बोळातून येतात, बसत मात्र नाहीत. 'निघालेच' म्हणत अर्धा तास उभ्या राहतात. या सभेला एरवी पाणी आणि भाजीचे भाव यावर भागवावं लागतं. सोफा आला आणि आठवड्याची चिंता मिटली.

आतली बातमी वहिनींनी आणली. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. "वाटी परत द्यायला गेले होते. बस म्हणाली म्हणून बसले, तर चर्रर्र आवाज. उठले तर मी पुढे आणि साडी मागे." मुलांचं जेवणखाण आता स्वयंपाकघरात ओट्याखाली, चटईवर. मुलांनी हॉलमध्ये यायचं नाही, पाहुण्यांनी पाय वर घ्यायचे नाहीत, आजोबांनी तेल लावलेलं डोकं मागे टेकायचं नाही.

"मग बसतं कोण?" काकूंनी विचारलं.

"सध्या सोफाच बसलाय," वहिनी म्हणाल्या.

आता हॉल बंद झाला की मुलं जाणार कुठे? आमच्या पोर्चमध्ये. म्हणजे ऐंशी हजारांच्या सोफ्याचं भाडं माझ्या कुंड्या भरतायत. तरीही मी चार नंबरच्या सूनबाईची बाजू घेतली. मुलगी वाईट नाही हो. दोघंही दिवसभर लॅपटॉपसमोर, घराचे हप्ते चालू, लग्नापासून आत्तापर्यंत सासूबाईंचा लोखंडी पलंग आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या यांवर संसार केला. घरात एक कोपरा आपल्या मनासारखा असावा असं वाटलं तर बिघडलं कुठे? 'मुलं मोठी झाल्यावर घ्या' असं सगळे सांगतात. मुलं मोठी होईस्तोवर आपले गुडघे जातात, आणि मग त्या खोल सोफ्यातून उठवायला दोन माणसं लागतात.

"चांगलं घ्यायला माझी ना नाही," काकू म्हणाल्या. "पण चांगलं कशाला म्हणायचं ते आधी ठरवायला हवं. मूल असलेल्या घरात वस्तू बिघडणार हे धरूनच चालायचं. बिघडल्यावर जी दुरुस्त होते ती चांगली. बाकीच्या नुसत्या महाग."

काकूंना हे बोलायचा अधिकार आहे. त्यांचं माहेर चंद्रपूरकडचं. त्या अजून चांदाच म्हणतात. सागवानाचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहहून सागवान गेलं, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरहून सागवान गेलं, त्याचंही श्रेय विदर्भाच्या खात्यावर म्हणून त्या घेतात. त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल त्याच मुलखातलं. सासऱ्यांनी लाकूड विकत घेऊन घरी सुतार बसवून करवलेलं. त्यावर आधी तीन मुलं वाढली, मग नातवंडं.

ते टेबल एकदा जवळून बघण्यासारखं आहे. वरून गुळगुळीत. पण खुर्चीत बसून कडेखालून बोट फिरवलं की खाचा लागतात, ओळीने, बारीक. पहिल्यांदा मला वाटलं, कीड लागलीय. "कीड कसली," काकू म्हणाल्या, "धाकट्याचे दात. दात येत होते तेव्हा उभा राहून कड चावायचा." खालच्या अंगाला म्हणून त्या खुणा राहिल्या. वर मात्र थोरल्याने कर्कटकाने भावाचं नाव आणि त्यापुढे 'गाढव आहे' असं कोरलं होतं. 'ढ' काढताना विशेष मेहनत घेतलेली, चांगला खोल गेलेला. काकूंनी मिस्त्रीला बोलावलं. त्याने रंधा मारला, सूतभर लाकूड काढलं, मग जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग पॉलिश. गाढव गेलं.

मी म्हटलं, "काकू, राहू द्यायचं होतं की. आठवण."

"आठवणी अल्बमात ठेवाव्यात. टेबलावर आमटी सांडते, ती त्या 'ढ'मध्ये जाऊन बसते, आणि मुंग्या येतात."

हे लाड भरीव लाकूडच करू देतं. लॅमिनेटला रंधा मारून बघा. आत काय, तर राळेत दाबलेले कागद, एक मिलिमीटर जाडीचे, आणि त्याखाली नशीब असेल तर प्लायवूड, नसेल तर भुश्याचा बोर्ड. माझ्या बहिणीने मुलासाठी घरपोच येणारं, आपलं आपण जोडायचं अभ्यासाचं टेबल घेतलं. दिसायला देखणं. मुलगा रोज पाण्याची बाटली त्यावर आडवी ठेवायचा. पावसाळा संपता संपता टेबलाची कड भिजलेल्या टोस्टासारखी फुगली, स्क्रू सुटले, आणि भुश्याच्या बोर्डात एकदा सुटलेला स्क्रू पुन्हा धरत नाही. मिस्त्रीने हात लावायलाच नकार दिला.

"पण सागवान आज परवडतं कोणाला?" वहिनींनी विचारलं, आणि रास्तच विचारलं.

त्यावर आमच्या गल्लीच्या मिस्त्रीचं म्हणणं मला पटतं. तो काकूंच्या खिडकीचं काम करत होता, त्यामुळे सभेला आयताच हजर. त्याचं म्हणणं, प्लाय घ्या, पण शिक्का बघून घ्या. आयएस ३०३चा प्लाय घरातल्या कोरड्या जागेसाठी. आयएस ७१०चा पाण्याजवळच्या कामासाठी, स्वयंपाकघर, बाथरूमचं कपाट वगैरे. "आणि बाई, लहान मूल असलं की सगळं घरच पाण्याजवळ." म्हणून मुलांच्या खोलीत ७१०. दुसरं, कडेला प्लास्टिकची एजपट्टी नको, सागाची पट्टी मारून घ्या. एजपट्टी मुलं टीव्ही बघता बघता नखाने सोलतात. खरं आहे हो, मी स्वतः पाहिलंय: चार नंबरचं न चावणारं जे आहे, ते माझ्या शू-रॅकची पट्टी कोपऱ्यातून सुरू करून वीतभर सोलून मोकळं झालं, आणि सोललेली पट्टी माझ्याच हातात आणून दिली.

तिसरी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली. वाडे पडतायत तोवर जुन्या लाकडाच्या वखारीत एक चक्कर मारावी. दारं, तुळया, जुनी टेबलं निघतात. लाकूड पन्नास-साठ वर्षं वाळलेलं, त्यामुळे आता वाकायचं नाही. फक्त सालीकडचा फिकट भाग बघून घ्यायचा. सागाच्या गाभ्यात तेल असतं म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही; पण तो कडेचा पांढरा भाग ती आवडीने खाते. सागवान म्हणून घेतलं आणि वाळवी लागली असं जे लोक सांगतात, त्यांनी बहुतेक पांढरं लाकूड घेतलेलं असतं.

पॉलिशवरून मात्र काकू आणि मिस्त्री यांचं जुंपलं. मिस्त्री म्हणे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश मारा, पाणी पडो, गरम कप ठेवा, काही होत नाही. काकूंचं टेबल चपडा लाखेचं, म्हणजे स्पिरिटमध्ये लाख विरघळवून बोळ्याने चढवलेलं जुनं पॉलिश. त्यावर गरम भांडं ठेवलं की वाफेची ओल पॉलिशमध्ये अडकते आणि पांढरं वर्तुळ उमटतं. करोनाच्या काळात तर कहर झाला. येणाजाणाऱ्यासाठी सॅनिटायझरची बाटली टेबलावरच होती, आणि तिच्या बुडाशी पॉलिश विरघळून चिकट झालं. होणारच. लाख विरघळते अल्कोहोलमध्ये, आणि सॅनिटायझर म्हणजे दुसरं काय?

"मग सांगतोय काय मी," मिस्त्री म्हणाला. "पीयू मारलं असतं तर काही झालं नसतं."

"नसतं झालं. पण पीयूला ओरखडा गेला तर?" काकू म्हणाल्या. "तुलाच बोलवायचं, सगळं घासून काढायचं, पुन्हा मारायचं. माझं तेवढ्यापुरतं बोळ्याने सारखं होतं. मी स्वतः करते."

मिस्त्री गप्प झाला. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. जेवणाच्या टेबलाला पीयू बरं, कारण तिथे रोज गरम भांडी येतात. खुर्च्या, देव्हारा, पाळणा यांना जुनं पॉलिश चालतं. एवढं मात्र लक्षात ठेवायचं की लॅमिनेटवर पोरांनी बॉलपेनने गिरवलं तर तोच सॅनिटायझर कापसावर घेऊन पुसलं की जातं, आणि लाखेच्या पॉलिशवर तसं केलं तर रेघेबरोबर पॉलिशही जातं. मेणाच्या खडूला सॅनिटायझर नकोच. लॅमिनेट असेल तर फडक्यावर खोबरेल तेल घ्यावं, मग साबणाच्या ओल्या फडक्याने तेल पुसावं.

लाकडाचं एक वेळ निभावतं हो. खरी रड कापडाची. आपली मुलं काय खातात? वरण-भात. आणि वरणात काय असतं? हळद. वहिनींच्या भाच्याच्या बारशाला नव्या दिवाणावर वाटी उपडी झाली. घरच्यांनी घाईघाईने साबण लावला, आणि पिवळा डाग लालभडक झाला. सगळे घाबरले. एकाला वाटलं रक्त. साबण लागला की हळद लाल होते, हळद-चुन्याचं कुंकू होतं तसंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डाग धुऊन घ्यायचा आणि कापड उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-चार दिवसांत फिका पडतो. प्रश्न एवढाच, की चार नंबरचा तो एल आकाराचा सोफा उन्हात कसा टाकणार? पुन्हा दरवाजा काढणार?

दुधाचं उलट. दूध सांडलं की बायका गरम पाणी ओततात. ते अजिबात करू नये. गरम पाण्याने दूध धाग्यात आणखी पक्कं बसतं, आणि मग चार दिवसांनी हॉलमध्ये तो आंबूस वास, जो घरच्यांना येत नाही पण पाहुण्यांना दारातच येतो. आधी गार पाणी, टिपून घ्यायचं, मग साबण.

यावर उतारा एकच, आणि तो काही नवा नाही. खोळ. पूर्वी गादीला खोळ असायची, उशीला अभ्रा असायचा, लोडाला गलेफ असायचा. सगळं निघायचं, धुतलं जायचं, पुन्हा चढायचं. मग आपण कापड लाकडाला पिना मारून ठोकलेले सोफे आणायला लागलो आणि धुणं संपलं. ज्याची गादी सुटी निघते आणि गादीच्या खोळीला चेन आहे असा सोफा असेल तर पांढरा घ्या नाहीतर चांदीच्या रंगाचा घ्या, मला काय त्याचं. वहिनी स्वतः शिवतात, त्यांचा सल्ला फुकटचा पण सोन्यासारखा: जाड सुती कापड घ्यायचं, शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवायचं, कारण सुती कापड आटतं आणि मग शिवलेली खोळ गादीवर चढत नाही. आणि खोळी दोन जोड. एक अंगावर, एक दोरीवर. हेही नको असेल तर सोलापुरी चादर आहेच. सोफ्याच्या कंपनीच्या जाहिरातीसारखं दिसणार नाही, पण महाराष्ट्रातले निम्मे सोफे तिच्याच आधाराने मुलांच्या तावडीतून सुटलेत असा माझा अंदाज आहे. पाहुणे आले की ओढून काढायची, गेले की टाकायची.

सगळ्यांत सुखी घर कोणतं म्हणाल, तर सात नंबर. नवरा-बायको दोघं डॉक्टर. हॉलमध्ये काय? जमिनीवर गाद्या, त्यावर चादरी, भिंतीला लोड-तक्के, आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी दोन हातांच्या लाकडी खुर्च्या. संपलं. टीपॉय नाही. टीपॉयचा कोपरा चालायला लागलेल्या मुलाच्या बरोबर कपाळाला येतो, हे टीपॉय करणाऱ्यांना कोणी तरी सांगायला हवं. आमच्याकडे टेंगूळ आलं नाही असा आठवडा जायचा नाही, तेव्हा काचेचा टीपॉय मी माळ्यावर चढवला, तो आजतागायत तिथेच आहे. सात नंबरची मुलं गादीवर उड्या मारतात, कोलांट्या घेतात, पडतात ती गादीवरच. गल्लीत सुरुवातीला कुजबुज झाली, एवढे डॉक्टर, पण घरात बसायला धड सोफा नाही. आता त्याच बायका म्हणतात, किती सुटसुटीत.

"आमच्याकडे तरी मुलांसाठी लाकडी सामान म्हणजे दोनच गोष्टी," काकू म्हणाल्या. "पाळणा आणि पांगुळगाडा. तो पांगुळगाडा सावंतवाडीहून आणलेला, रंगीत. तीन मुलं त्यावर चालायला शिकली, मग नणंदेकडे गेला, तिथून तिच्या जावेकडे." आता कुठे आहे, ते मात्र त्यांना ठाऊक नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग वहिनींनी त्यांच्या टेक्सासच्या मुलीचं सांगितलं. तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांकडच्या बाईने तिला विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत हा एक होता: घरातली ड्रॉवरची कपाटं भिंतीला बांधलीत का? मुलीला वाटलं, भूकंपासाठी. तसं नाही. लहान मूल ड्रॉवर उघडतं, त्यावर पाय ठेवतं, वरचा उघडतं, त्यावर चढतं. त्याला तो जिना वाटतो. सगळे ड्रॉवर पुढे आले की कपाटाचं वजनच पुढे येतं, त्यात मुलाचं वजन, आणि अख्खं कपाट मुलाच्या अंगावर येतं. अमेरिकेत अशी लहान मुलं दगावली. २०१६ साली एका मोठ्या कंपनीला तिथे तब्बल २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवावी लागली. २०२२च्या अखेरीस तिथे कायदाच झाला, की अशी कपाटं विकायच्या आधी २७ किलोपर्यंतचं मूल लोंबकळलं तरी पडत नाहीत ना, याची चाचणी व्हायला हवी.

काकू म्हणाल्या, "आपल्याकडे कुठे असलं? आपलं गोदरेजचं कपाट. दोन माणसांना हलत नाही."

खरं आहे. ती पोलादी कपाटं १९२३ सालापासून आहेत आणि आपल्या आयांनी त्यांच्या भरवशावर दागिने ठेवले. पण आता नव्या घरात ते कपाट असतं कुठे? बेडरूममध्ये हलकं, उंच, चार-पाच ड्रॉवरचं, खाली गुळगुळीत फरशी, वर टीव्ही नाहीतर मोठा आरसा. सोफ्याच्या डागासाठी आपण जीव टाकतो, आणि जे जिवावर बेतेल ते भिंतीला नुसतं टेकवून ठेवतो. यात मी चार नंबरच्या मुलीला एकटीला नावं ठेवत नाही. दोन नंबर, सहा नंबर, सगळीकडे तेच. मिस्त्रीने सांगितलं, एल पट्टी, भिंतीत प्लग, दोन स्क्रू. अर्ध्या तासाचं काम. कोणी करून घेतलंय का, म्हटलं. "बाई, सोफ्याला पाय लावायला बोलावतात. याला कोणी बोलावत नाही."

चार नंबरची ताजी बातमी अशी की प्लास्टिक निघालं. कोणी काढलं नाही. त्या चावणाऱ्यानेच एका दुपारी कोपरा दातांनी धरला आणि सुरुवात केली, बाकीचं दुसऱ्याने पूर्ण केलं. सूनबाई आधी रडली, मग दमून स्वतःच सोफ्यावर बसली, आणि वहिनी सांगतात, तासभर उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी खोळीचं कापड आणायला वहिनींनाच घेऊन गेली. रंग मातकट निवडला. मिस्त्रीचा नंबर मी तिला दिलाय, खोळीसाठी नव्हे, कपाटासाठी.

तुमच्याकडे लहान मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडं यायची असतील, तर सोफ्याचं नंतर बघा. आज घरातलं ड्रॉवरचं कपाट रिकामं असलं तरी त्याचे सगळे ड्रॉवर एकदम उघडा, शेजारी उभं राहून एका हाताने कपाट धरून ठेवा, आणि दुसऱ्या हाताने वरच्या ड्रॉवरवर दाबून पाहा. जरा जरी पुढे झुकलं, तर मुलांना त्या खोलीत सोडू नका, आणि उद्या सकाळी सुताराला बोलवा.